एप्सन परफेक्शन व्ही६००: जुन्या फोटोतली विमानं ओळखायला कितपत उपयोगी?

हा झाकणात दिवा असलेला, फोटो आणि फिल्म दोन्हीचा सपाट स्कॅनर. छापील फोटो आणि १२० फिल्मच्या (जुन्या कॅमेऱ्यातल्या रुंद रोलच्या) निगेटिव्ह असतील तर खुशाल घ्या. काचेच्या प्लेट असतील तर नको.

यातला सीसीडी सेन्सर (भिंगातून चित्र टिपणारा) ही मोठी जमेची बाजू. जुने फोटो कडेने वळलेले असतात. सेन्सर काचेला जवळजवळ चिकटून असलेल्या पातळ सीआयएस स्कॅनरवर काचेपासून जरा उचललेला भाग लगेच धूसर होतो, इथे तो बराच सावरतो. फोटोला १२०० डीपीआय (दर इंचाला १२०० ठिपके), १६ बिट ग्रेस्केल, टिफ फाइल ठेवा. फोटोत पंखांची लांबी जेमतेम २ सेंमी असली तरी ९४५ पिक्सेल मिळतात. द हॅविलंड पस मॉथ या छोट्या विमानाचा पंखविस्तार ११.२ मीटर, म्हणजे एका पिक्सेलमागे साधारण १.२ सेंमी. मूळ फोटो स्वच्छ असेल तर स्ट्रट (पंखाला आधार देणारी दांडी) कुठे टेकलाय ते नीट दिसतं.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला भुलू नका, खरा तपशील त्याच्या बराच आधी संपतो. ६×९ सेंमीच्या निगेटिव्हला २४०० पुरे. तेवढ्यातच ४२ मेगापिक्सेल आणि ८४ एमबीची फाइल होते. निगेटिव्हची चकचकीत बाजू खाली ठेवा. उलटी पडली तर चित्र आरशातल्यासारखं येतं, आणि एक्झॉस्टची बाजू आणि प्रोपेलरची दिशा दोन्ही फसवतात.

खरा घोळ सॉफ्टवेअर घालतं. प्रोफेशनल मोडमध्ये जाऊन अनशार्प मास्क (कडा धारदार करणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर तारेच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि पंख ताणून धरणाऱ्या एका तारेच्या दोन वाटतात. डिजिटल आइस (इन्फ्रारेडने धूळ-ओरखडे शोधून पुसणारी सोय) रंगीत फिल्मवर छान चालतं, पण नेहमीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर नाही. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

ऑटो एक्स्पोजरवरही विसंबू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही. ब्रिटिश राउंडेलचा (लष्करी विमानांवरच्या गोल खुणेचा) मधला लाल ठिपका काळा येतो, बाहेरचं निळं कडं फिकट. लाल विमानावरची गडद अक्षरं तर काळ्यात पार बुडालेली असतात, आणि ऑटो नेमका तोच काळा भाग छाटून टाकतो. हिस्टोग्रामची (काळ्या-पांढऱ्या छटांच्या आलेखाची) दोन्ही टोकं हाताने थोडी बाहेर ठेवा. अक्षरं मग कॉम्प्युटरवर वर काढता येतात.

या मेहनतीचं चीज कुठे होतं? जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. १९८२ साली त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून. दोन्ही वरच्या पंखाची, बंद केबिनची, त्यामुळे फोटोंची अदलाबदल होते. पस मॉथचा पंख जवळपास टोकापर्यंत सारख्या रुंदीचा, लेपर्डचा निमुळता. लेपर्ड उडालंच १९३३ मध्ये, तेव्हा निमुळत्या पंखाचा फोटो १९३२ चा असूच शकत नाही.

मासिकातल्या कात्रणांना मात्र जादू नाही. छपाईच्या ठिपक्यांपलीकडे काही नसतंच, आणि डीस्क्रीन (ते ठिपके मिसळून टाकणारी सोय) लावलं की विमानाच्या नोंदणीची अक्षरं विरघळतात. आधी डीस्क्रीनशिवाय एक प्रत काढून ठेवा.

काचेच्या प्लेटना नको म्हटलं, कारण झाकणातला दिवा सुमारे ६.९ सेंमी रुंदीच उजळतो आणि क्वार्टर प्लेट या मापाची काच ८.३ सेंमी रुंद असते. सरकवून दोनदा स्कॅन करून जोडता येतं, पण जोड विमानावर आला तर पंखाची मापं बिघडतात. प्लेटचा गठ्ठा असेल तर ८×१० इंच उजळणारा एप्सनचाच व्ही८५० बघा.