सीए फायनल: रोज थोडं की रजेत झोकून?

कळव्याची भाची विचारत होती, "मामा, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, सांभाळून आतापासून रोज दोन तास फायनलच्या अभ्यासाला बसू, की परीक्षेआधीच्या शेवटच्या रजेत झोकून देऊ?" मी ठाण्यात उपवन तलावाला धावायला जातो, म्हणून मॅरेथॉनच्याच मापाने सांगितलं.

वेळ रजेत भरपूर मिळतो, पण कन्सॉलिडेशनची (मुख्य आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याची) गणितं काही दिवसांनी डोक्यात शिरेनाशी होतात. मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरसाठीही अंतर हळूहळूच वाढवावं लागतं, मध्ये हलका आठवडा घ्यावा लागतो.

टिकाव खरा सरावाच्या पेपरात कळतो. अभ्यासातली रविवारची लांब धाव म्हणजे फोन बंद करून, घड्याळ लावून, हाताने लिहिलेला पूर्ण तीन तासांचा पेपर. दीड तासानंतर बोटं आखडतात, सोपी बेरीज चुकते. हे परीक्षेआधीच अनुभवायला हवं. शर्यतीआधी धावपटू अंतर कमी करतात. तसंच शेवटी फक्त उजळणी आणि झोप. झोकून देणाऱ्याला ही सवड मिळत नाही.



लोकलचा प्रवास आणि ऑफिस सांभाळून दोन्ही ग्रुप (फायनलचे पेपर दोन गटांत असतात) एकदम देणाऱ्यांनी रोजचाच मार्ग धरावा. एकच ग्रुप राहिलाय आणि विषय एकदा नीट झालेत, तर रजेतली तयारी पुरते. मात्र प्रत्येक पेपरात 40 गुण लागतातच, त्यामुळे नावडता विषय आधी घ्या.