केनियाच्या ईटीएसाठी भरलेले बावीस हजार

केनियातलं मसाईमारा अभयारण्य बघायचं हे बाबांनी नोकरीत असल्यापासून मनात धरलं होतं. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी माझं लग्न, कधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकदाचा योग आला. आई, बाबा आणि मी, पाच रात्री, मुंबईहून नैरोबीला थेट विमान. बाबा ७२ वर्षांचे आहेत. त्यांनी पार्ल्यातल्या दुकानातून नवी दुर्बीण आणली आणि रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या पिंपळावरचे पोपट बघायला सुरुवात केली.

केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सुरू केला. निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे भरायचे, मंजुरी ईमेलवर येते. प्रत्येक माणसाचा अर्ज वेगळा. टूरवाल्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हे तुमचं तुम्ही भरा, सोपं आहे. सोपं आहेच. पण आमचं सगळं लक्ष तेव्हा लसीकडे होतं. केनियाहून परतताना आपल्याकडे यलो फीवरच्या लसीचं कार्ड बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ते कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टर ही लस विचार करूनच देतात. त्यामुळे आधी फॅमिली डॉक्टर, मग बाबांचे हृदयाचे डॉक्टर, मग लसीची तारीख मिळवणं, यात दोन आठवडे गेले. ईटीए मागे पडला.

एका सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवरच तो भरायला घेतला. ‘केनिया ईटीए’ असं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. केनियाचा झेंडा, सिंहाचा फोटो, खाली हिरवं बटण. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालत होतं, १४ मिनिटांत अर्ज पूर्ण करा म्हणून. त्या घड्याळाने मला जी घाई लावली ती आठवली की अजून जीव खालीवर होतो. सरकारला माझी घाई कशाला असेल, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. तिघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो चढवले, जन्मतारखा, पत्ता, आईचं माहेरचं नाव, विमानाचा नंबर, सगळं भरलं. शेवटी फी दिसली, माणशी ८९ डॉलर. मी मनात म्हटलं, परदेश आहे, असेल एवढी.

माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मी ते मुद्दाम चालू केले. ओटीपी आलाच नाही, कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले तेवढ्यावर २२,४०० च्या वर रक्कम गेली. बऱ्याच परदेशी साइटवर ओटीपी लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. व्यवहार पुन्हा बंद करायचं राहून गेलं. संध्याकाळी ईमेलवर तीन पीडीएफ आल्या. वर झेंडा, खाली क्यूआर कोड, तिघांची नावं बरोबर. बाबांनी त्यांच्या रंगीत प्रती काढून आणल्या आणि पारदर्शक फोल्डरमध्ये पासपोर्टच्या मागे नीट लावून ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी सहाला फोन हातात घेतला तर बँकेचा मेसेज होता. रात्री २.४० ला आणखी ४५ डॉलर गेले होते. मी झोपेत होते, काहीही दाबलं नव्हतं. तशीच उठून बँकेला फोन केला आणि कार्ड बंद करायला लावलं. तरीही मला वाटत होतं की कुठेतरी चूक झाली असेल, कळवलं की परत देतील. मग ऑफिसला निघता निघता त्या तिन्ही पीडीएफ टूरवाल्यांना पाठवल्या. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, हा ईटीए नाहीये. अर्ज मिळाल्याची पावती आहे ही, आणि ती पण सरकारची नाही. कुठून भरलंत तुम्ही?”

विमान पुढच्या गुरुवारचं होतं.

त्या रात्री लॅपटॉपवर तेच पान पुन्हा उघडलं. मोठ्या पडद्यावर दोन गोष्टी दिसल्या. सर्चच्या यादीत त्या नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं. म्हणजे ती जाहिरात होती, पैसे देऊन वर आणलेली. आणि पानाच्या अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरात एक ओळ होती : आमचा कोणत्याही सरकारशी संबंध नाही, आम्ही खाजगी सेवा देतो, आमच्या शुल्कात सेवेचा आकार धरलेला आहे. फोनवर ती ओळ दिसायला सहा-सात वेळा बोट फिरवावं लागतं. बाबा माझ्या मागे उभे राहून वाचत होते. ते म्हणाले, “म्हणजे यांनी आधीच लिहून ठेवलंय, उद्या कुणी धरलं तर दाखवायला.” तेच खरं आहे. झेंडा, सिंह, घड्याळ आपल्यासाठी आणि ती करडी ओळ बँकेसाठी आणि पोलिसांसाठी.

खरी साइट ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई. तिथली फी ३० डॉलर, वर पैसे भरण्याचा थोडा आकार. आमच्याकडून जवळजवळ तिप्पट घेतले आणि सरकारकडे आमचा अर्ज पोचला की नाही तेही शेवटपर्यंत कळलं नाही. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचावा. नावात ‘केनिया’, ‘ईटीए’, ‘ऑफिशियल’ काहीही घालता येतं, ते कुणीही विकत घेऊ शकतो. शेवटचा तुकडा मात्र सरकार आपल्या खात्यांसाठी राखून ठेवतं. केनियाचा गो डॉट केई, थायलंडचा गो डॉट टीएच, श्रीलंकेचा गव्ह डॉट एलके, आपला गव्ह डॉट इन. आम्ही भरलं त्याचा शेवट डॉट ऑर्ग होता.

त्याच रात्री सरकारी साइटवर तिघांचे अर्ज पुन्हा भरले. निदान तीन दिवस आधी भरा असं तिथे लिहिलेलं आहे, आमच्याकडे सहा होते. आई-बाबांची मंजुरी रविवारी आली, माझी सोमवारी संध्याकाळी. ते तीन दिवस आईने देव पाण्यात ठेवले होते.

पैशांचं असं झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवली. रक्कम, तारीख, वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारतात, ते हाताशी ठेवा. बँकेकडे दोन वेगळे फॉर्म भरले. रात्रीचे ४५ डॉलर परत मिळाले, कारण ते मी मंजूर केलेच नव्हते आणि त्याच दिवशी कळवलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम लागू होता की असा व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला आणि चूक ग्राहकाची नसेल तर भुर्दंड ग्राहकावर पडत नाही. २२,४०० मात्र गेले. साइटवाल्यांनी बँकेला त्या करड्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला. काउंटरवरची मुलगी हळहळली, पण म्हणाली, “मॅडम, कार्डाचे आकडे तुम्ही स्वतः भरलेत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पैशांपेक्षा मला पासपोर्टचं जास्त लागलं आहे. ट्रिपहून आल्यावर दोन आठवड्यांनी बाबांना फोन आला. केनियाच्या एम्बसीतून बोलतोय, तुमच्या अर्जात दंड राहिलाय. पलीकडच्या माणसाने बाबांचा पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख अचूक सांगितली. ऐकणारा हबकणारच. बाबांनी फोन ठेवला, कारण केनियाच्या दूतावासाला हाय कमिशन म्हणतात हे ते ट्रिपच्या निमित्ताने वाचून होते. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना हे माहीत असेलच असं नाही. कार्ड बदलून मिळालं, जन्मतारीख कुठून बदलून आणणार?

बाबा बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जातात. तिथला एक गट डिसेंबरमध्ये श्रीलंकेला निघणार होता, तिथेही ईटीए लागतो. त्याआधी एका रविवारी मी मुद्दाम जाऊन बसले आणि एकेकाच्या फोनवर ईटीए डॉट गव्ह डॉट एलके स्वतः टाइप करून दिलं. चौथा फोन एका काकूंचा होता. त्यावर दुसरंच एक पान आधीपासून उघडं होतं. झेंडा, हत्तीचा फोटो आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. काकूंच्या दुसऱ्या हातात पासपोर्ट होता, पहिल्या पानावर उघडलेला.