जँगोचा 'एम्प्टी' टॅग: काम चोख करतो, पण टायपोही झाकतो

डेटाबेसमधून काहीच आलं नाही तर पेजवर काय दाखवायचं याचा विचार न केलेल्या साइट लगेच ओळखू येतात, वर 'शोधाचे निकाल' असं मोठ्ठं हेडिंग आणि खाली नुसतं पांढरं, माणूस बिचारा रिफ्रेश मारत बसतो. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पेजच्या साच्यात, यासाठी फॉर लूपच्या आतच एम्प्टी टॅग आहे, १.१ व्हर्जनपासून, म्हणजे २००९ पासून. फॉर, त्याखाली एम्प्टी, त्यात 'या लेखकाचं एकही पुस्तक नाही' असं काहीतरी, मग एंडफॉर, झालं काम! वेगळा इफ नको. बरेच जण आधी इफमध्ये एक्झिस्ट्स (नोंद आहे का?) विचारतात आणि मग लूप फिरवतात, म्हणजे एकाच यादीसाठी डेटाबेसकडे उगाच दोन क्वेरी.

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या ब्लेड टेम्प्लेटमध्ये हेच काम फॉरएल्स करतं, ट्विग आणि जिंजा या टेम्प्लेट भाषांमध्ये फॉरलाच एल्स लावतात. जिंजात पायथनवाले हमखास गोंधळतात कारण पायथनमधलं ते एल्स ब्रेकने लूप मध्येच थांबला नाही की चालतं आणि जिंजातलं मात्र लूप एकदाही फिरला नाही तरच. एम्प्टी वाचताना असा प्रश्नच येत नाही.

आता पाचातला एक स्टार कुठे कापला ते. व्ह्यूमधून (पेजला डेटा देणारा कोड) 'बुक्स' पाठवलंत आणि टेम्प्लेटमध्ये चुकून 'बुक' लिहिलंत तर एरर येतच नाही, नसलेलं व्हेरिएबल जँगो नन (म्हणजे 'काहीच नाही') समजतो आणि गुपचूप एम्प्टीचा मजकूर दाखवतो. टेबलात हजार पुस्तकं असोत, पेज म्हणणार एकही नाही, आणि क्लायंटला वाटणार डेटाच उडाला. नसलेल्या व्हेरिएबलच्या जागी ठरलेला मजकूर दाखवणारं स्ट्रिंग-इफ-इनव्हॅलिड सेटिंग लावून बघाल, तर ते फॉर आणि इफला लागूच होत नाही, तसं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. लॉगमध्ये नोंद पडते पण डीबग लेव्हलची, ती कोण बघतंय! त्यामुळे टेस्टमध्ये एक खरं रेकॉर्ड टाकून ते पेजवर उमटतंय का हे तपासाच, नुसता रिकामा केस पास झाला म्हणून खूश होऊ नका.

यादी सोडून बाकीच्या रिकामेपणात हा टॅग कामाचा नाही. रिकाम्या टेबलावर सम (बेरीज) काढला तर शून्य नाही, नन येतं आणि तेच पेजवर छापलं जातं. जँगो ४.० पासून ॲग्रीगेटलाच (सम वगैरे हिशेब करणारं फंक्शन) डिफॉल्ट देता येतो, तो द्या. टेम्प्लेटमधला डिफॉल्ट फिल्टर शून्यालाही रिकामं धरतो, म्हणजे स्टॉक ० असला की 'माहिती नाही' दिसतं, तिथे डिफॉल्ट-इफ-नन वापरा.

माझ्याकडून पाचपैकी चार. आणि हो, शोधाच्या पेजवर कृपया गेट-लिस्ट-ऑर-४०४ (यादी रिकामी असली की 'पेज सापडलं नाही' ही ४०४ एरर देणारं फंक्शन) लावू नका, तिथे पेज आहे, फक्त पुस्तक मिळालं नाहीये.