‘इटालियन’ डायनिंग टेबल घेताय? आधी आमटीचा विचार करा

दिवाळीच्या आधी ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या एका शोरूममधून आम्ही सहा जणांचं इटालियन स्टाइलचं डायनिंग टेबल घेतलं. आता रोजची जेवणं, पोराचा अभ्यास, सासूबाईंचं भाजी निवडणं, सगळं त्यावरच चालतं त्यामुळे बऱ्यापैकी खात्रीने लिहू शकते. टेबलाला पाचपैकी चार, दुकानाला अडीच, खुर्च्यांना जेमतेम दोन.

आधी हे ‘इटालियन’ काय प्रकरण असतं ते बघा, कारण दुकानात या एका शब्दावर चार वेगवेगळ्या गोष्टी विकतात. एक म्हणजे खरोखर इटलीहून आलेलं ब्रँडेड टेबल, कॅलिगारिस वगैरे, १९२३ पासूनची कंपनी आहे ती, किंमत ऐकून आपण पाणी पिऊन बाहेर पडतो. दुसरं म्हणजे इथेच बनवलेल्या फ्रेमवर इटालियन मार्बलचा टॉप, कॅरारा, स्टॅच्युआरिओ, बोतिचिनो अशी नावं सांगतात. तिसरं, मार्बलसारखा दिसणारा सिंटर्ड स्टोन (भट्टीत भाजून बनवलेला दगड) किंवा सिरॅमिक स्लॅब, तो इटलीतल्या सास्सुओलोकडचाही असू शकतो, चीनचा असू शकतो आणि आपल्या गुजरातमधल्या मोरबीचाही. चौथं म्हणजे नुसतं चकचकीत लॅमिनेट, त्याबद्दल काही बोलत नाही. आम्हाला सेल्समनने तोंडाने ‘प्युअर इटालियन टॉप’ सांगितलं आणि बिलावर बारीक अक्षरात ‘इटालियन फिनिश’ लिहिलं! मी तिथेच थांबवून मटेरियल काय, जाडी किती, स्लॅब कुठला हे सगळं बिलावर लिहून घेतलं तेव्हा कुठे मोरबी बाहेर आलं आणि भावही जरा खाली आला. मोरबीचा माल वाईट नसतो हो, पण मग पैसे इटलीचे कशाला द्यायचे.

खरा मार्बल का नाही घेतला? तर माझ्या मोठ्या जावेकडे आहे, पांढरा, करड्या रेघांचा, दिसायला इतका देखणा की नजर हटत नाही. तिच्याकडे जेवायला गेलो असताना सोलकढीचा ग्लास ठेवला होता, खालून ओला. उचलून लगेच पुसलं, गुलाबी रंग गेला, पण ग्लासाच्या बुडाएवढी एक मळकट रिंग राहिली ती राहिलीच. समोरून दिसत नाही, खिडकीच्या उजेडात तिरकं वाकून बघितलं की दिसते आणि बोट फिरवलं तर तेवढीच जागा जरा खरखरीत लागते. हा डाग नसतोच मुळी. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट लागलं की वरचं पॉलिश खाल्लं जातं. आता आपल्या ताटात आंबट काय नसतं सांगा, कोकम, चिंच, लिंबू, ताक, टोमॅटोचं सार... दुकानदार म्हणतो सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण, मारून देतो मॅडम, टेन्शन घेऊ नका. सीलरमुळे तेल आणि हळद आत मुरायला वेळ लागतो एवढंच, आंबटाने पॉलिश जायचं ते जातंच. मग डायमंड पॅडवाला पॉलिशचा माणूस बोलवा, घरभर चिखल करून घ्या. आमच्या सेल्समनने तर मार्बल खपवायला थेट मायकेलअँजेलोपासून सुरुवात केली, त्याचा डेव्हिड कॅराराच्या दगडाचा आहे म्हणे. खरं आहे, पण डेव्हिडवर कोणी आमटी सांडत नाही.

तरीही ज्यांना मार्बलच हवाय त्यांनी घ्या, फक्त काळजी जावेकडून शिका. टॉपवर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, खालचा दगड गडद झाला तर सीलर संपलाय, परत मारून घ्यायचा. पुसायला साधं पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब, ते पण लिंबूवालं नको. व्हिनेगर, बाथरूमचं अ‍ॅसिडवालं क्लीनर अजिबात जवळ आणायचं नाही, बाईंनाही सांगून ठेवा, त्या भावनेच्या भरात काहीही ओततात. हळद सांडली आणि डिटर्जंट लावला की डाग लालभडक होतो, घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करायचे त्यातलाच प्रकार. बराचसा हळदीचा रंग उन्हाने आपोआप फिका पडतो.

आम्ही घेतलं ते १२ मिलीमीटरचा सिंटर्ड स्टोन, सहा बाय तीन फूट, खाली काळा लोखंडी बेस मधोमध. हा स्लॅब म्हणजे माती आणि खनिजांची पूड प्रचंड दाबून १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असते, त्यामुळे आत काही मुरत नाही. चिंचेची आमटी, लोणच्याचं तेल, पोराचं स्केचपेन, सगळं निघालं. नुसता टॉपच ५० किलोच्या आसपास जातो, तेवढ्याच मापाचा १८ मिलीमीटरचा मार्बल ८० च्या घरात गेला असता.

पण एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मॅट फिनिश असेल तर स्टीलच्या ताटांच्या बुडाच्या करड्या रेघा उठतात, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. चरा पडला असं वाटतं, पण तो ताटाचाच धातू असतो वर घासला गेलेला. ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने चोळलं की जातो. आणि कडा सांभाळा. मधे ताकद भरपूर असते, पण कडेला कुकर आपटला तर टवका उडतो आणि मार्बलसारखी रेघ बहुतेक स्लॅबमध्ये फक्त वरून छापलेली असते, त्यामुळे टवका लपत नाही. म्हणून घेताना चक्क खाली वाकून टेबलाचं पोट बघा, स्लॅबखाली प्लाय किंवा काच नीट पूर्ण चिकटवलीय का, कडेचा जोड उघडा पडलाय का. गरम पातेलं थेट ठेवा म्हणतात, आम्ही नाही ठेवत, खालच्या गोंदाचा भरवसा कोणी दिलाय?

मापाचं थोडक्यात, माणशी दोन फूट धरा आणि खुर्ची मागे ओढायला भिंतीपर्यंत तीन फूट तरी. आम्ही घरी पेपर चिकटवून टेबलाचा आकार फरशीवर मांडला होता, आठ जणांचं घ्यायचा बेत तिथेच बारगळला. मधला बेस असेल तर कोपऱ्यावरच्याचे गुडघे आपटत नाहीत, पण टोकाला दोन्ही हातांनी दाबून डुगडुगतं का बघाच.

दुकानाचे मार्क गेले ते डिलिव्हरीत. टॉप लिफ्टमध्ये मावत नाही हे त्यांना माहीत नव्हतं म्हणे, मग जिन्याने चढवायचे वेगळे पैसे खाली गेटवर उभं राहून मागितले. बेसचे लेव्हलचे स्क्रू आलेच नाहीत, फोन करून करून आठवड्याने आले, तोवर पुठ्ठ्याची घडी.

खुर्च्या सेटमधून घेऊ नका. क्रीम रंगाचं मखमली कापड, त्यावर तुपाचा डाग पहिल्याच आठवड्यात. टेबल ३० इंच उंच असेल तर बैठक १८ च्या आसपास हवी, या सेटमधल्या खुर्च्यांची २० ची, शिवाय बाजूला जाड हात. सासूबाईंना खुर्चीवर मांडी घालून जेवायची सवय, त्या हातांमध्ये मांडी मावतच नाही, त्या आता जुनी लाकडी खुर्ची ओढून बसतात आणि सहावी इटालियन खुर्ची बेडरूममध्ये कपडे टाकायला आहे. ‘सेट तुटत नाही’ असं सांगतील, पण आमच्या समोरच्या फ्लॅटवाल्यांनी त्याच दुकानातून जरा ताणून धरून नुसतं टेबल उचललं.