टायगर पिस्टल श्रिंप आणि पिवळा वॉचमन गोबी: तयार जोडी घ्यावी का?

टायगर पिस्टल श्रिंप ही बीळ खोदणारी कोळंबी आणि पिवळा वॉचमन गोबी हा छोटा मासा, हे दोन जीव एकमेकांना सरावलेली तयार जोडी म्हणून विकणारे विक्रेते आता बरेच आहेत. दोन्ही जीव सुटे घेतले तर त्याहून स्वस्त पडतात, आणि टँकमध्ये ते आपापसांत जुळवून घेण्याची शक्यताही चांगली असते. म्हणून तयार जोडीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हा प्रश्न रास्त आहे. मी अशी जोडी घेतली, ती माझ्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) चांगली रुळली आहे आणि माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. मात्र हे पैसे कशासाठी द्यायचे, हे घेणाऱ्याला नीट ठाऊक असायला हवे.

या दोघांचे सहजीवन पाहण्यासारखे आहे. श्रिंपची नजर अधू असते, पण खोदकामात तिचा हात कोणी धरणार नाही. गोबीला बीळ खोदता येत नाही. तो दाराशी बसून राखण करतो. श्रिंप दोन्ही नांग्यांत वाळू धरून ती ढकलत बाहेर आणते, तेव्हा तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी किंचित थरथरवली की ती जागीच थबकते, आणि तो डोके खाली घालून आत शिरला की त्याच्याआधी ती नाहीशी झालेली असते. माझ्याकडच्या श्रिंपला शिंपल्याचा एक चपटा तुकडा दारावर छतासारखा बसवायचा होता. तो तिने तीन-चार वेळा फिरवून पाहिला, खाली वाळूचा टेकू दिला, आणि तेवढा सगळा वेळ गोबी बाहेर तोंड करून स्तब्ध बसून होता. रीफ टँकमध्ये इतके उघड सहकार्य दुसऱ्या कोणत्याही जिवांत मला दिसलेले नाही.

आता खरेदीविषयी. विक्रेत्याने दोघांना वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिले होते आणि ते योग्यच होते, कारण प्रवासात बिथरलेल्या श्रिंपच्या नांगीचा तडाखा बंद पिशवीत गोबीला महागात पडू शकतो. ही नांगी अत्यंत वेगाने मिटते आणि त्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतात कमी दाबाचा बुडबुडा तयार होतो. टँकबाहेर ऐकू येणारा ‘टक्’ आवाज नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा मिटण्याचा असतो, हे २००० साली अतिवेगवान चित्रीकरणातून दाखवले गेले. नव्या मालकाला काच तडकल्याची शंका येण्याइतका तो आवाज मोठा असतो, त्यामुळे विक्रेत्यांनी त्याची कल्पना आधीच द्यायला हवी.

तक्रार आहे ती पाण्याच्या क्षारतेची. परजीवींचा उपद्रव कमी राहावा म्हणून काही विक्रेते माशांच्या टाक्यांत क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. माझ्या पिशवीतल्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (क्षारतेचे माप) मोजल्यावर ते रीफ टँकमधील नेहमीच्या १.०२५ पेक्षा बरेच खाली निघाले आणि विक्रेत्याने त्याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. गोबी असा फरक बऱ्यापैकी सोसतो, श्रिंपला तो सोसत नाही. बारीक नळीतून थेंबथेंब पाणी सोडत तिला हळूहळू सरावू द्यावे लागते, आणि फरक मोठा असेल तर या कामाची घाई अजिबात करू नये. विक्रेत्याच्या टाकीत तांब्याचे औषध वापरले आहे का, हेही विचारून घ्यावे. माशांच्या रोगांवर उपयोगी पडणारे तांबे श्रिंपच्या जिवावर उठते.

तयार जोडीचे जास्तीचे पैसे माझ्या मते एकाच परिस्थितीत वसूल होतात: दोघे विक्रेत्याच्या टाकीत एकाच बिळात राहताना आपल्याला प्रत्यक्ष दिसले असतील, तर. शेजारशेजारच्या कप्प्यांतून एक गोबी आणि एक श्रिंप उचलून त्यांना जोडी म्हटले जात असेल, तर ते सुटेच घ्यावेत. सोडताना मात्र दोघांना खडकाच्या एकाच कपारीपाशी, प्रवाह मंद असेल तिथे सोडावे. टँक फार मोठा नसेल तर ते बहुधा एकमेकांना शोधून काढतात.

विक्रेत्याबरोबरच्या बोलण्यात वाळूचा विषय निघत नाही, आणि जोडीचे बस्तान बसणे तर वाळूवरच अवलंबून असते. नुसत्या बारीक वाळूत बिळाचे छत टिकत नाही. पाच ते आठ सेंटीमीटरच्या थरात बारीक वाळू, जाडसर कण, शिंपल्यांचे आणि प्रवाळाचे तुकडे असे मिश्रण लागते. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला सच्छिद्र खडक) वाळूवर न ठेवता थेट टँकच्या तळावर भक्कम बसवून मग भोवती वाळू घालावी, कारण श्रिंप खडकाखालून बोगदे काढते आणि वाळूच्या आधारावर उभा असलेला खडक घसरून बिळावर कोसळू शकतो. वाळूवर ठेवलेले प्रवाळ बिळाच्या दारापासून दूर असावेत, नाहीतर ते उपसलेल्या वाळूखाली गाडले जातात. प्रवाळाचे छोटे तुकडे तर ती सरळ ओढून नेते आणि बांधकामात वापरते. टँकवर जाळीचे झाकणही हवेच. घाबरलेला गोबी उडी मारतो.

खाण्याच्या बाबतीत दोघांचेही लाड करावे लागत नाहीत. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि बुडणारे दाणे बिळाच्या दाराशी सोडले की पुरते. सोबतीला हॉकफिश किंवा ट्रिगरफिश मात्र नको, श्रिंप त्यांचे खाद्य आहे.

सुरुवातीला श्रिंप बराच काळ दिसत नाही. कात टाकायच्या सुमारास तर ती आणखीच दडून राहते, आणि बिळाबाहेर पडलेली रिकामी कात पाहून ती मेली असे समजून खडक उचलण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिची सारी रचना त्याने ढासळते. सतत समोर फिरणारा जीव हवा असणाऱ्यांनी ही जोडी घेऊ नये.

टँक अगदी लहान असेल तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रँडॉल पिस्टल श्रिंप आणि याशा गोबी ही जोडी मला अधिक योग्य वाटते. दोघेही आकाराने लहान असतात आणि या श्रिंपची खोदाखोदही तुलनेने आटोक्यात राहते. याशा गोबी बुजरा असतो, म्हणून त्याला दांडगट माशांच्या टँकमध्ये ठेवू नये, आणि विक्रेत्याकडे तो खाताना पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.