नवतप्यापासून दिवाळीपर्यंत: फुलबागेसाठी घेतलेल्या ठिबक संचाचा अनुभव

होळीच्या सुमारास आम्ही घरच्या फुलझाडांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या टाइमरसह ठिबक संच बसवला. आता दिवाळी होऊन गेली आहे. घरात दोघेही नोकरीवाले, त्यामुळे कमी देखभालीत टिकेल अशी बाग हवी होती. संच घेण्यासारखा आहे, पण झाडं तहानेप्रमाणे वेगळी लावली तरच.

सामान साधंच आहे: 16 मिलिमीटरची मुख्य नळी, 4 मिलिमीटरच्या बारीक नळ्या, थेंबाथेंबाने पाणी सोडणारे ड्रिपर, जाळीचा फिल्टर आणि टाइमर. घेताना दुकानदाराला एक गोष्ट नक्की विचारा, टाइमर किती दाबावर चालतो? स्लॅबवरच्या टाकीचं पाणी दर मीटर उंचीमागे जेमतेम 0.1 बार दाब देतं. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या बऱ्याच टाइमरना तेवढा दाब पुरत नाही. बॉल व्हॉल्व्हचा टाइमर मोटरने उघडतो, तो कमी दाबावरही चालतो. आमचा तसाच आहे आणि त्याने आजवर दगा दिलेला नाही. खोक्यावरचा ताशी 4 लिटरचा आकडाही साधारण 1 बार दाबाचा असतो. टाकीच्या पाण्यावर त्याहून बरंच कमी येतं. म्हणून प्रत्येक ओळीतल्या एका ड्रिपरखाली भांडं ठेवून पाणी मोजा आणि मगच वेळ लावा.

आता झाडांबद्दल, कारण मला खरं तेच सांगायचं आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा ठिकाणी बोगनवेल, कण्हेर, चिनी गुलाब आणि सदाफुली ही माझ्या मते पहिल्या पसंतीची झाडं. महाराजबागेजवळच्या एका नर्सरीवाल्या दादांनी बोगनवेल देतानाच बजावलं होतं, "ताई, हिला रोज पाणी देऊ नका जी, नुसती पानंच वाढतील." विदर्भातल्या माणसाला हे लगेच पटतं. संत्र्याच्या बागेला बहारासाठी पाणी तोडून ताण देतात, तसाच ताण बोगनवेल मागते. तिची ओळ आम्ही वेगळ्या कॉकवर घेतली आणि उन्हाळ्यातही दोन-तीन दिवसांआड चालवली. मेच्या भर दुपारी कंपाउंडची भिंत राणी रंगाने भरून गेली होती. कण्हेरही याच ओळीवर आहे, मात्र तिचा चीक आणि पानं विषारी असतात, लहान मुलं असतील तर विचार करून लावा.

मोगरा आणि तगरीला रोज पाणी लागतं, त्यांची ओळ निराळी. मोगऱ्याची छाटणी थंडी सरताना करून शेणखत घातलं की कळ्या भरपूर येतात. आणि मधुमालती! संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. ती आंगणात जमिनीत लावली आहे, एकदा मूळ धरल्यावर तिने फारसं काही मागितलं नाही. कमी देखभाल हवी असेल तर इक्झोरा मात्र टाळा. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत तिची पानं पिवळी पडतात. जास्वंदीवर पांढरा मिलीबग येतो, सतत लक्ष ठेवावं लागतं.

टाइमर पहाटेचा लावा. दुपारी काळ्या नळीत साचलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. कुंड्यांत वाळलेल्या पाल्याचा जाडसर थर घातल्याने ओल टिकली. कुंड्या मातीच्याच घ्या, काळ्या ग्रो बॅगा उन्हात मुळं शिजवतात. मोगऱ्यावर सावलीसाठी हिरवी जाळी लागली, बाकीच्यांना नाही.

त्रास एकच, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरट कड जमते, आधी थेंबांमधलं अंतर वाढतं, मग थेंब थांबतो. चिनी गुलाबाची एखादीच कुंडी मलूल दिसली की आधी तिचा ड्रिपर बघायचा. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले की ड्रिपर मोकळे होतात. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावाच लागतो. शक्य असेल तर पालिकेच्या नळाचं पाणी वापरा.

जूनमध्ये पाऊस बसल्यावर टाइमर काढला आणि त्यातले सेल बाहेर काढून ठेवून दिला. पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा पाण्याचा निचरा महत्त्वाचा. काळी माती पाणी धरून ठेवते आणि सदाफुलीची मुळं कुजतात, म्हणून तिच्या कुंडीत निम्मी रेती आहे. पावसाळी लिलीचे कंद कडेला पुरले होते, चांगली सर येऊन गेली की थोड्याच दिवसांत गुलाबी फुलं येत. ऑक्टोबरच्या उन्हात टाइमर पुन्हा लावला, आता थंडीत वेळ निम्म्यावर आणली आहे.

मे महिन्यात आठवडाभर गावाला गेलो तेव्हा संचाची खरी परीक्षा झाली. परतलो तर सगळी झाडं टवटवीत होती. टाकीत पाणी आहे की नाही हे टाइमरला कळत नाही, म्हणून शेजारच्या काकूंना दिवसाआड टाकी भरायला मोटर लावायला सांगून ठेवलं होतं. तुम्हीही जाण्याआधी तेवढी सोय करा आणि टाइमरमध्ये नवे सेल घाला.