राष्ट्रीय युद्ध स्मारक, दिल्ली : एका निवृत्त छत्रीधारी सैनिकाचा अभिप्राय

इंडिया गेटला लागून असलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. पॅराशूट पलटणीत नोकरी केलेल्या माणसाला विचाराल, तर या वास्तूचे सर्वांत मोठे बळ तिच्या स्तंभात किंवा ज्योतीत नसून त्यागचक्राच्या भिंतींत आहे. चक्रव्यूहासारख्या रचलेल्या या भिंतींवर प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी आहे, आणि शिपायाची पाटी कर्नलच्या पाटीपेक्षा लहान नाही. विमानाच्या दारात उभे राहिल्यावर हुद्द्याची मातब्बरी अशीच संपते. हिरवा दिवा लागला की ज्याची पाळी असेल त्याने बाहेर पडायचे.

स्मारकाच्या वीरताचक्र या दालनातील सहा कांस्यशिल्पे धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले राम सुतार यांची आहेत. तिथवाल, रेझांगला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडंट आणि ऑपरेशन मेघदूत या लढाया आणि मोहिमा हे त्यांचे विषय. निवड चुकीची आहे, असे म्हणता येणार नाही. सहापैकी तीन १९७१ च्याच लढाया असल्याने त्या वर्षावर अन्याय झाला, असेही नाही. तरीही आजच्या बांगलादेशातील टांगाईलची छत्री-उडी तेथे नाही, ही गोष्ट माझ्यासारख्याला खटकते. ११ डिसेंबर १९७१ रोजी दिवस कलताना २ पॅराचे, म्हणजे मूळच्या तिसऱ्या मराठा पलटणीचे, सुमारे ७०० जवान लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली टांगाईलजवळ उतरले. मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडण्यासाठी लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल घेणे, हे त्यांचे काम होते. उडीचा भाग लोकांना रोमहर्षक वाटतो, पण ती काही क्षणांत संपते. विमानातील तारेला अडकवलेली पट्टी छत्री आपोआप उघडते, जवानाला काही ओढावे लागत नाही. खरी परीक्षा जमिनीवर टेकल्यानंतरची असते. माणसे आणि सामान भातशेतांत, तळ्यांत दूरवर विखुरलेले असताना अंधारात आपली तुकडी पुन्हा उभी करायची आणि अवजड शस्त्रे ओढत लक्ष्य गाठायचे. टांगाईलला यात गावकऱ्यांनी हात दिला आणि त्याच रात्री पूल हाती आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरकडून आलेली पहिली मराठा लाइट इन्फंट्री, आमची जंगी पलटण, त्यांना येऊन मिळाली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरणाऱ्यांत २ पॅरा होती.

आकाशभर छत्र्या उमललेले जे छायाचित्र टांगाईलचे म्हणून तेव्हा जगभर छापले गेले, ते प्रत्यक्षात आग्र्याच्या सरावाचे होते. संख्या मोठी भासावी म्हणून ते वापरण्यात आले. युद्धात अशी हातचलाखी रास्तच म्हणावी, पण स्मरणाच्या जागी तीच चित्रे खरी म्हणून चालू राहू नयेत. म्हणूनच टांगाईलचे शिल्प कधी झालेच, तर त्यात आकाश कमी आणि चिखल जास्त असावा, अशी माझी अपेक्षा राहील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंडिया गेटवरील नावे पहिल्या महायुद्धातील आणि तिसऱ्या अफगाण युद्धातील आहेत, तर नव्या स्मारकाची यादी स्वातंत्र्यानंतर सुरू होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपान्यांना रोखून धरणारी ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत लढलेली चौथी मराठा पलटण या दोन स्मारकांच्या मधल्या फटीत राहून जातात. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून त्या वेळी माणसे गेली, त्यांना या आवारात आपले नाव सापडणार नाही, हे येण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

भेट देणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. प्रवेश विनामूल्य आहे आणि केंद्रीय सचिवालय हे मेट्रो स्थानक सोयीचे पडते. उन्हाळ्यात दुपारी ग्रॅनाइट तापते, त्यामुळे वयस्करांनी सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी. संध्याकाळी हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा कार्यक्रम असतो, तो चुकवू नये. परमयोद्धा स्थळावरील परमवीर चक्र विजेत्यांच्या २१ पुतळ्यांसाठी वेगळा वेळ ठेवावा. त्यांत बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे आणि पूना हॉर्सचे आर्देशीर तारापोर आहेत. नातेवाइकाचे नाव शोधायचे असल्यास पलटण आणि वर्ष लिहून न्यावे, कारण एकाच नावाचे अनेक जवान भिंतीवर आहेत.